वरती सगळं ठीक?

१

दौंडला पाणी एक दिवसाआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी माया सिस्टरच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही. हंडा, कळशी, बादल्या, पातेली, झालंच तर चहाची किटलीसुद्धा ती काठोकाठ भरून ठेवते. घरमालकीण झुंबरबाई एकदा न राहवून म्हणाल्या होत्या की सिस्टर, तुम्ही एकट्या जीव, एवढ्या पाण्यात म्हैस धुताय का काय. माया हसली होती आणि किटली भरायला घेतली होती. सकाळी नळ आणि संध्याकाळी तोफा अशा गावात जिनं संसार केला, तिला पाणी किती भरावं हे कोण शिकवणार?

घर झुंबरबाईंच्या नवऱ्यानं बांधलेलं. तो रेल्वेत गार्ड होता, आणि रिटायर होऊन वर्षाच्या आत वारला. पुढच्या खोल्यांत झुंबरबाई, मागच्या दोन मायाकडं भाड्यानं. घर एकमजली. बाहेरच्या अंगाला गच्चीवर जाणारा सिमेंटचा जिना, गच्चीवर काळी टाकी, आणि मायाच्या मोरीच्या कोपऱ्यात जमिनीतून वर येऊन छतात शिरणारा एक जुना लोखंडी पाइप. मागं रूळ. गाड्या गेल्या की मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागतात, आणि दौंडच्या माणसाला ते ऐकूसुद्धा येत नाही.

त्या मंगळवारी पाण्याचा दिवस नव्हता. दुपारी मायानं शिरूरला भासऱ्यांना, म्हणजे थोरल्या दिरांना, खंडूआप्पांना, फोन करून होकार दिला होता. दहा वर्षं ती ज्याला नाही म्हणत आली त्याला होकार. तिचा नवरा नागसेन याचं पुण्यानुमोदन येत्या रविवारी शिरूरला करायचं ठरलं. फोटो लावायचा, भंतेजींना बोलवायचं, चार माणसं जेवू घालायची. मुलगा सम्राट सणसवाडीला कंपनीत होता. तो फोनवर एवढंच म्हणाला, "आई, बरं केलंस."

दिवेलागणीला ती पीठ मळत होती. मोरीतल्या पाइपावर खालून ठोका पडला.

एकच. जड लोखंडाचा. आणि वाजल्याबरोबर तो गप्प झाला, कुणीतरी पाइपावर तळवा ठेवल्यासारखा.

२

पाइपात हवा अडकली की ठोका बसतो, हे मायाला कुणी सांगायची गरज नव्हती. नवरा फिटर होता तिचा. पण हवेचा ठोका घुमतो, वरपर्यंत थरथरत जातो. शिवाय हवा ढकलायला पाणी लागतं, आणि आज पाणी नव्हतं. मालगाडी गेली असेल म्हणावं, तर वाट्या जागच्या हलल्या नव्हत्या. तिनं पिठाचे हात तसेच ठेवून कान दिला. मग स्वतःवरच चिडली आणि भाकरी थापायला घेतली. पहिली भाकरी करपली, जे तिच्या हातून कधी होत नाही.

आता समुद्रापार अरबांच्या मुलखातलं एडन बंदर कुठं आणि दौंड कुठं. पण नागसेन आणि माया तिथं गेली होती खरी, चांगल्या पगारासाठी, सम्राटला शिरूरला आप्पांकडं शाळेत ठेवून. ती खासगी दवाखान्यात नर्स, तो बंदरावर डिझेल फिटर. मुआल्ला नावाच्या भागात लांबलचक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती होत्या, त्यातल्या एकीत चौथ्या मजल्यावर त्यांना फुकट घर मिळालं होतं. बदल्यात नागसेननं तळघरातला जनरेटर आणि पाण्याची मोटर सांभाळायची.

माया त्या दिवसांबद्दल बोलत नाही असं लोक म्हणतात. लोक विचारतात ते लढाईबद्दल. तिला आठवतं ते वेगळंच. बाजारात पहिल्यांदा ज्वारी दिसली तेव्हा नागसेन भर रस्त्यात नाचायचा बाकी होता. पिठलं-भाकर झाली, आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी उम्म सालेह वास घेत वर आली ती दोन भाकरी बुरख्याखाली घालूनच गेली. संध्याकाळी गच्चीवर समुद्राचा वारा, घट्ट दुधाचा चहा, आणि खाली गल्लीत पोरांचा फुटबॉल. शिरूरला ती नवऱ्याला 'अहो' म्हणायची. एडनला ओळखीचं कोण होतं? तिथं तो नुसता नागसेन होता. त्यालाही ते एवढं आवडायचं की कधीकधी तो मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायचा, म्हणजे तिनं पुन्हा हाक मारावी.

मग त्या देशातली माणसं एकमेकांवर उठली. शेजारच्या गल्लीतला पोरगा या बाजूचा, त्याचा मामा त्या बाजूचा. रस्त्यात तपासणीची नाकी बसली. माया पांढरा युनिफॉर्म घालून, वरून काळा बुरखा ओढून रोज दवाखान्यात चालत जायची. एकदा नाक्यावर बंदूकवाल्या पोरानं अडवलं, तर हिनं त्याच्या दंडाची घाणेरडी पट्टी तिथंच सोडून नवी बांधली आणि आपल्या तोडक्यामोडक्या अरबीत दटावलं की उद्या दाखवायला ये. तो दुसऱ्या दिवशी खरंच आला.

संध्याकाळी तोफा सुरू झाल्या की नागसेन तळघरात, माया चौथ्या मजल्यावर. फोन बंद पडलेले, आणि जिन्याच्या खिडक्या रस्त्यावर उघडत असल्यानं जिना सगळ्यात वाईट. म्हणून तिनं नियम केला. पाइप तळघरातून सगळ्या स्वयंपाकघरांतून वर जात होता. मोठा आवाज होऊन गेला की नागसेननं खालून पान्यानं एक ठोका मारायचा. म्हणजे, वरती सगळं ठीक? तिनं वरून पितळेच्या पळीनं मारायचा. म्हणजे, ठीक. उत्तर ऐकू यावं म्हणून तो ठोका मारल्याबरोबर पाइप तळव्यानं दाबून गप्प करायचा.

आणि उत्तर आलं नाही तर? हे त्यानं विचारलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, तर विचार करत बसायचं नाही, शोधायला निघायचं. तूही आणि मीही. नागसेननं मान डोलवली होती. तिचं ऐकायची त्याला सवयच होती.

३

बुधवारी ठोका पुन्हा पडला, त्याच वेळेला. गुरुवारीही. मायानं उत्तर दिलं नाही, ठोका पडला की ती रेडिओ मोठ्यानं लावायची.

भाकरीच्या पिठात हात घालून ती मनाशी वाद घालत राहिली. होकार दिला म्हणून मन खात असेल, मन खाल्लं की कान वाजतात, दवाखान्यात अशा बायका तिनं ढिगानं पाहिल्या होत्या. तिच्या मोरीखाली मुरूम होता, त्याखाली काळा पाषाण. तळघर वगैरे काही नव्हतं. झुंबरबाईंकडून तिनं आडून आडून विचारून घेतलं, तर त्या म्हणाल्या की पाया खणताना सुरुंग लावायची पाळी आली होती, तळघर कुठलं काढताय.

पण तो गप्प केलेला ठोका ती विसरू शकत नव्हती. दहा वर्षं तिला एकाच ठोक्याचा घोर होता, आणि तो तिनं ऐकलेलाही नव्हता.

शेवटच्या दिवशी असं झालं. उन्हं कलताना दवाखान्यातल्या पोरी एका पिकअपमधून आल्या आणि खालून ओरडल्या की आपल्या देशाचं जहाज बाहेर उभं आहे, धक्क्यावरून होड्या सुटताहेत, लगेच निघ. माया धावत तळघरात गेली. नागसेन नव्हता, डिझेल आणायला गेला होता. पिकअपवाला थांबायला तयार नव्हता. ती काही क्षण तिथं उभी राहिली. सम्राटची दहावी होती. तिनं उम्म सालेहच्या हाताला धरून सांगितलं की तो आला की धक्क्यावर पाठव, मी पुढं जाते. अशा गोष्टी नेहमी तीच ठरवायची. दुसऱ्या होडीनं येईल, एवढीच तिची कल्पना होती. त्या संध्याकाळी दुसरी होडी सुटलीच नाही.

काही महिन्यांनी उम्म सालेहच्या मुलाचा फोन लागला. म्हातारी आता दुसऱ्या गावी राहत होती, हकीकत त्यानंच सांगितली. त्या संध्याकाळी तोफा सुरू झाल्या तशी म्हातारी सगळ्यांबरोबर मागच्या गल्लीत पळाली होती, निरोप पोचला नव्हता. नागसेन मागच्या दारानं थेट तळघरात आला. त्यानं पाइपावर ठोका मारला. तो थांबला. पुन्हा मारला. मग तो जिना चढायला लागला, हे गल्लीतून कुणीतरी पाहिलं. तो तिसऱ्या मजल्याच्या पुढं गेला असेल-नसेल तेवढ्यात इमारतीची ती बाजू खाली आली. त्यातून कोण कोण निघालं ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

म्हणून माया दहा वर्षं फोटो लावू देत नव्हती. गेला असं बघितलेलं कुणी नाही, असं ती म्हणायची. तो शोधायला निघाला आणि ती तिथं नव्हती, हे मात्र ती कधी म्हणाली नाही.

४

शुक्रवारी सकाळी ती तुळशीजवळ झुंबरबाईंचं बीपी बघत होती. पट्टा दंडावर आवळलेला असतानाच बाई बोलायला लागल्या, गप्प बसा म्हटलं तरी.

"सिस्टर, काल तुमच्याकडं कोण पाव्हणा आलता?"

"कुणी न्हाई."

"मंग त्यो कोण व्हता? दिवेलागणीला जिन्यापशी हुभा. कापडं त्यालानं काळी झाल्याली, हातात पाना. मी म्हणलं प्लंबर आसंल. तर मलाच इचारतो, चौथा मजला कुठनं? म्या म्हणलं, बाबा, हितं पयलाच न्हाई, तर चौथा कुठनं आणू?"

झुंबरबाईंना स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. मायानं पारा बघितला, पुन्हा हवा भरली, पुन्हा बघितला. आकडा तिच्या डोक्यात शिरत नव्हता. मग तो काय म्हणाला, असं तिनं विचारलं.

"काय म्हणायचं? वर बघितलं आन् लागला चढायला. मी म्हणलं टाकी बघायला निघाला, बघू दे. सीरेल लागलती माजी." त्या दंड चोळायला लागल्या. "उतरल्याला काय मी बघितला न्हाई. बीपी किती हाय?"

माया म्हणाली, बरंय. ते बरं नव्हतं, पण त्या क्षणी तिला दुसरं काही सुचलं नाही.

५

त्या संध्याकाळी तिनं पीठ मळलं नाही. मोरीच्या उंबऱ्यावर ती पळी घेऊन बसली. पळी तीच, एडनहून येताना अंगावरच्या कपड्यांखेरीज जे काही तिच्या पर्समध्ये राहिलं होतं त्यातली. ती का घेतली होती तेही तिला आठवत नाही.

उत्तर द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. एकदाच बघायचं, पुढं काय होतं ते. बाहेर उजेड अजून पुरता गेला नव्हता. मागच्या रुळावर एक रिकामी मालगाडी उभी होती आणि कुठंतरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

ठोका पडला. तळव्यानं गप्प झाला.

मायानं पळी मुठीत घट्ट धरली. जरा वेळानं दुसरा ठोका. मग खाली कुठंतरी, मुरमाच्याही खाली, लोखंडी दार उघडल्याचा आवाज झाला, आणि पावलं सुरू झाली.

ती खालून आली. अंगणाच्या पातळीला येईपर्यंत त्यांचा आवाज दबलेला होता, मग एकदम मोकळा झाला, तिच्या दाराला लागून असलेल्या जिन्यावर. ती चाल तिनं ओळखली. दोन पायऱ्या भराभर, मग एक सावकाश, गुडघ्याचं जुनं दुखणं. पावलं गच्चीवर पोचली. आता ती स्लॅबवरून टाकीकडं जाणार, म्हणून मायानं छताकडं बघितलं.

ती गेली नाहीत. ती वळली, जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून माणूस वळतो तशी, आणि वर चढायला लागली. गच्चीच्या वर. तिथं टाकी होती आणि आभाळ होतं. पावलं एक मजला चढली. वळली. पुन्हा चढायला लागली. आवाज बारीक होत चालला, पण पायरीन् पायरी ऐकू येत होती, आणि मायाला त्या प्रत्येक पायरीवरची तुटकी फरशी आठवत होती. दुसरा मजला. वळण. तिसरा.

तिसऱ्याच्या पुढं काय आहे हे तिला ठाऊक होतं.

तिनं पळी एवढ्या जोरानं मारली की दांडा वाकला. पाइप वरपर्यंत घुमला. ठीक आहे, मी आहे, मी ठीक आहे.

पावलं थांबली. कितीतरी वेळ काही नाही. मग ती उतरायला लागली, आता घाई नव्हती, माणूस काम झाल्यावर उतरतो तशी. माया उठून दाराशी गेली. बाहेरच्या दाराला जाळी होती आणि जाळीच्या वरच्या अर्ध्यावर तिचा जुना कापडी पडदा. पडदा बाजूला करायला हात लावायचा एवढंच. ती नर्स होती. पडलेल्या इमारतींखालून काय निघतं हे तिनं स्वतःच्या हातांनी धुतलं होतं. तिचा हात उचलला गेला नाही.

पडद्याच्या खाली, जाळीतून, तिला दिसलं ते एवढंच. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. कठड्यावरचा हात, बोटांत काळा झालेला सुताचा बोळा. आणि टाचा पांढऱ्या, चुन्यात भिजल्यासारख्या. तो तिच्या दारासमोर आला तेव्हा क्षणभर थांबला असं तिला वाटलं. शेवटच्या पायरीवरून तो अंगणात उतरला नाही. तो तसाच पुढं उतरत गेला, अंगणाच्या खाली, आणि आवाज मुरमात विरला.

जाळीला डोकं टेकून माया उभी होती. भीती वाटली हे खरं. पण सगळ्यात आधी तिच्या मनात आलं ते हे, की गुडघा अजून दुखतोच त्याचा.

६

शनिवारी पहिला ठोका पडला तसं तिनं लगेच उत्तर दिलं. खाली सगळं शांत झालं. पावलं आली नाहीत.

ती संध्याकाळ तिला सुखाची गेली, हे सांगायला कुणाची चोरी नाही. तिनं पिठलं केलं, दोघांचं केलं आणि एकटीनं खाल्लं. मोरीपाशी बसून ती बोलत राहिली. सम्राटला नोकरी लागली, कंपनी चांगली आहे, पण पोरगं बारीक होत चाललंय. आप्पांच्या डोळ्याचं परवा ऑपरेशन झालं. झुंबरबाई मीठ सोडत नाहीत. खालून काही उत्तर येत नव्हतं, यायला नकोही होतं. 'ठीक' ऐकलं की नागसेन कामाला लागायचा, त्याला गप्पा कधीच जमायच्या नाहीत. खूप वर्षांनी तिला घर भरल्यासारखं वाटलं.

पण उद्या रविवार होता.

तिनं सम्राटला फोन करून विचारलं की कार्यक्रम पुढं ढकलता येईल का. तो चिडला नाही, नुसता थकल्या आवाजात म्हणाला की आई, भंतेजी ठरलेत, मंडप घातलाय, आप्पा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पत्रावळी मोजत बसलेत. मग तिनं एवढंच मागितलं की दिवेलागणीच्या आत मला दौंडला घरी पोचव. का, ते सांगितलं नाही. त्यानं कबूल केलं.

झुंबरबाईंना पळी देऊन जावं असंही तिच्या मनात आलं होतं. पण त्यांना सांगायचं काय? आणि तिनं 'ठीक' म्हणायचं ते दुसऱ्या कुणी म्हटलं तर ते खोटंच की.

शिरूरला कार्यक्रम चांगला झाला. त्रिसरण-पंचशील झालं, सूत्रपठण झालं, नागसेनच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या. फोटोत तो बंदरावरच्या टोपीत, डोळे मिचकावून हसत होता. तो फोटो मायानंच काढलेला. मग आदरांजलीची भाषणं सुरू झाली. आता आपल्याकडं आदरांजली वाहायला उठलेला माणूस चार शब्द बोलतो म्हणून सुरू करतो आणि चाळिसाच्या आत थांबत नाही, मग ते शब्द असोत की मिनिटं. वस्तीचे पुढारी बोलले, नागसेनचा शाळेतला मित्र बोलला, ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं तेही बोलले. एकजण तर यंदाच्या जयंतीच्या मिरवणुकीवर आला. माया मंडपाच्या कडेनं उन्हाकडं बघत होती. ऊन अंगणातून सरकलं, भिंतीवर चढलं.

शेवटी तिला बोलायला उभं केलं. ती फोटोकडं बघून म्हणाली, "नागसेन चांगला होता. माझं ऐकायचा." आणि खाली बसली. मंडपातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शिरूरच्या लोकांनी तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं.

निघायला उशीर झालाच. न्हावऱ्याच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर लागले, एकामागं एक, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. सम्राट हॉर्न वाजवून दमला. उजवीकडं सूर्य उसात गेला, आणि मायानं त्याला गाडी पळव म्हणायचंही सोडून दिलं. ती मांडीवर हात दाबून बसली होती. आता ठोका पडला असेल. आता दुसरा. आता तो पहिल्या वळणावर असेल. दुसऱ्यांदा, नागसेन, दुसऱ्यांदा मी तिथं नाही.

७

दौंडला पोचली तेव्हा अंधार पडला होता. झुंबरबाई ओट्यावर बसल्या होत्या. मायानं काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या की तो त्या दिवशीचा प्लंबर आज पुन्हा आला होता. जिना चढत होता, तर मीच हाक मारून सांगितलं की बाबा, सिस्टर शिरूरला गेल्यात भासऱ्याच्या घरी, तिथं कार्यक्रम हाय. तर तो बरं म्हणाला आणि जिना उतरून गेला.

"वर गेला न्हाई?" मायानं विचारलं.

"न्हाई. आर्ध्यातनंच फिरला."

माया ओट्यावर टेकली तोच सम्राटच्या हातातला फोन वाजला. आप्पांचा होता, तिच्यासाठी.

"माया, पोचली का गं? आगं, तुमची गाडी गेली आन् मागनं एक माणूस आला. लाईट गेलती. म्हणला, दौंडवरनं आलो. मी म्हणलं, या, जेवून जा, लई उरलंय. तर फोटोपशी मेणबत्ती व्हती, तितं जाऊन बसला. लई येळ बघत बसला. म्हणला, ह्यो कोण? मी म्हणलं, माजा धाकला भाऊ, नागसेन, धा वर्सं झाली." आप्पांनी आवाज बारीक केला. "मला डोळ्यानं काय धड दिसंना. आवाज मातर ऐकल्यावाणी वाटत व्हता."

"मग काय म्हणला, आप्पा?"

"म्हणला, आन् वरती सगळं ठीक? मला वाटलं घरच्यांचंच इचारतोय. मी म्हणलं, व्हय बाबा, समदं ठीक हाय. पोरगं कामाला लागलं. भावजय दौंडात आसती, धडधाकट हाय, कुणाला ऐकत न्हाई. तर हसला. बरं झालं म्हणला आन् उठला. कोण व्हता गं?"

मायानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिकडचा हाय. आमच्या बिल्डिंगची मोटर बघायचा," ती म्हणाली. "जेवला का?"

"पोटभर जेवला. ताट सोता घासून ठिवलं."

फोन ठेवून माया रडली. मोठ्यानं, झुंबरबाई आणि पोरगा बघत असताना, दहा वर्षांत पहिल्यांदा. सम्राट तिच्या पायाशी बसून राहिला. झुंबरबाईंनी आत जाऊन चहा टाकला.

त्यानंतर ठोका आला नाही. सोमवारी नाही, पाण्याच्या दिवशी नाही, बिनपाण्याच्या दिवशी नाही. मायाला त्याचं नवल वाटत नाही. त्यानं विचारलं आणि त्याला उत्तर मिळालं. तिच्या तोंडचं नव्हतं, पण खरं होतं. आता तो कशाला चढेल?

सम्राटनं सणसवाडीला मोठी खोली बघितली आहे. पुढच्या महिन्यात येते, असं ती दर महिन्याला सांगते. दिवेलागणीला ती मोरीच्या उंबऱ्यावर बसते, वाकड्या दांड्याची पळी पाइपाच्या अगदी जवळ नेते, आणि खाली ठेवते. एकदा मारून विचारायला काय हरकत आहे, खालती सगळं ठीक? पण उत्तर आलं नाही तर काय करायचं ते तिनंच ठरवून ठेवलं आहे, आणि स्वतःचा शब्द मोडायची तिची रीत नाही.

अजून तिनं पळी मारलेली नाही. चपला मात्र ती आता दाराशी काढत नाही, मोरीपाशी काढते.